भरलेल्या फ्रेंच टोस्टला ब्रेड शिळाच हवा

आत चॉकलेट भरलेला फ्रेंच टोस्ट घरी करणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते. वरून करपतो, आत ओला लगदा राहतो आणि चॉकलेट बाहेर येऊन तव्यावर जळतं. मग सगळा दोष चॉकलेटच्या माथी मारला जातो. पुढच्या वेळी महागातलं चॉकलेट आणलं जातं, अंडी वाढवली जातात, गॅस मोठा केला जातो, आणि तरी ताटात पुन्हा तेच येतं. या पदार्थात निम्म्याहून जास्त काम ब्रेडला करायचं असतं आणि सकाळी भट्टीतून निघालेल्या लुसलुशीत ब्रेडला ते जमत नाही, हे माझं ठाम मत आहे. ब्रेड आदल्या दिवशीचा, जाड आणि कोरडा असला तर साध्या चॉकलेटचाही टोस्ट उत्तम होतो. ब्रेड ताजा आणि पातळ असला तर बेल्जियमहून आणलेलं चॉकलेटही वाया जातं.

हा पदार्थ जन्मला कसा, ते पाहिलं तरी याची साक्ष मिळते. ॲपिशियसच्या नावाने ओळखला जाणारा रोमन पाककृतींचा संग्रह साधारण चौथ्या-पाचव्या शतकातला मानतात. त्यात पावाचे कडा काढलेले मोठे तुकडे दुधात भिजवून तेलात तळायला आणि वर मध ओतायला सांगितलं आहे. पुढे युरोपात घरोघरी हा प्रकार रुजला तो उरलेला, कडक झालेला पाव फेकायला नको म्हणून. आपल्याकडचे शाही टुकडा आणि हैदराबादी डबल का मीठा हे त्याच कुळातले पदार्थ. भिवंडीकरांना त्यांची ओळख वेगळी करून द्यायला नको. यंत्रमागाच्या या शहरात उत्तर प्रदेशातून आलेली विणकर कुटुंबं आहेत आणि धामणकर नाक्यापासून जवळच पद्मानगरात तेलंगणातून आलेला पद्मशाली समाज आहे. दोन्हीकडच्या स्वयंपाकघरांत ब्रेडचं गोड होतं आणि दोन्हीकडे आधी ब्रेड तुपात किंवा तेलात खरपूस तळून कोरडा करतात, मगच त्याला दूध नाहीतर पाक पाजतात. ओल्या ब्रेडला आणखी ओलं करायचं नाही, हे या दोन्ही पद्धतींत मुरलेलं शहाणपण आहे. फ्रेंच टोस्टच्या पोटात चॉकलेट भरण्याची टूम अलीकडची. ती आली तेव्हा पुड्यातला कापलेला सँडविच ब्रेड घरोघरी पोहोचला होता आणि हे शहाणपण मागे पडलं.

कारण सोपं आहे. ताज्या पांढऱ्या ब्रेडच्या वजनात ३५ ते ४० टक्के पाणीच असतं. त्याच्या जाळीला अजून पकड आलेली नसते. असा ब्रेड दुधात बुडवला की भिंती खचतात, भोकं मिटतात आणि स्पंजाऐवजी कणकेचा गोळा हातात येतो. शिळा होताना ब्रेडमध्ये दोन गोष्टी घडतात. थोडं पाणी उडून जातं, हे सगळ्यांना माहीत असतं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. भाजताना फुगलेले स्टार्चचे रेणू थंड झाल्यावर पुन्हा एकमेकांना चिकटून रांगेत बसू लागतात आणि जाळी ताठ होते. ही ताठ जाळी दूध-अंडं शोषूनही आकार सोडत नाही. शिळा ब्रेड टोस्टमध्ये चिवट लागेल, ही शंका रास्त आहे, पण तिचं उत्तर याच गुणधर्मात मिळतं. ओलाव्यासकट साधारण ६० अंश सेल्सिअसच्या वर तापवलं की स्टार्चची ही रांग मोडते आणि ब्रेड पुन्हा मऊ होतो. शिळी चपाती तव्यावर गरम केली की नरम पडते ती याचमुळे. म्हणजे ताठपणा भिजवण्यापुरता कामाला येतो आणि खाताना उरत नाही. ब्रेड फ्रीजमध्ये ठेवू नये असं एरवी सांगतात, कारण फ्रीजच्या थंडाव्यात तो सर्वांत लवकर ताठ होतो. इथे आपल्याला नेमकं तेच हवं आहे. संध्याकाळी आणलेला ब्रेड कापून, स्लाइस उघड्या ताटलीत मांडून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवला की सकाळी तो कामाला तयार.

पाहुणे आज संध्याकाळीच येणार असतील आणि घरात फक्त ताजा ब्रेड असेल, तर जाड स्लाइस मंद तव्यावर तूप-तेल न घालता दोन्ही बाजूंनी दोन-तीन मिनिटं ठेवा, किंवा ओव्हनमध्ये १२० अंशांवर १० ते १५ मिनिटं. रंग येऊ द्यायचा नाही, फक्त वाळवायचं. याने पाणी उडतं, पण स्टार्चचा ताठपणा येत नाही, म्हणून हा दुय्यम उपाय समजा. शिळा म्हणजे खराब मात्र नव्हे. पावसाळ्यात ठाणे जिल्ह्याच्या दमट हवेत ओट्यावर राहिलेल्या ब्रेडला दोन दिवसांत बुरशी येते. हिरवा किंवा पांढरा ठिपका दिसला की तेवढाच भाग काढून बाकीचा वापरू नका. बुरशीचे धागे दिसतात त्यापेक्षा बरेच आत गेलेले असतात. सगळा ब्रेड टाकून द्यायचा.

आता ब्रेड कुठला. पुड्यातल्या कापलेल्या ब्रेडची स्लाइस जेमतेम सव्वा सेंटिमीटर जाड असते. तिच्यात खिसा होत नाही, म्हणून लोक दोन स्लाइसमध्ये चॉकलेट भरून सँडविच करतात. त्याच्या चारही कडा उघड्या राहतात आणि चॉकलेटला चारही दिशांनी वाट मिळते. म्हणून बेकरीतून बिनकापलेला ब्रेड आणावा आणि घरी दातेरी सुरीने ३ ते ३.५ सेंटिमीटर जाडीचे तुकडे करावेत. तोही मिळाला नाही तर आपल्या दारचा लादी पाव आहे, आणि चहाबरोबर संपून उरलेल्या पावाचा इतका चांगला उपयोग दुसरा नाही. पाव भरायला सोयीचा, कारण त्याला जाडी आहे आणि वरची भाजलेली साल भिंतीसारखी उभी राहते. फक्त त्याची ठेवण नीट पाहून घ्यावी. लादीतून मोडून काढलेल्या पावाच्या बाजू उघड्या, तंतूंच्या असतात आणि त्या दूध झटकन पितात. तपकिरी माथा हळू पितो, तळ त्याहून हळू. खिसा करायचा तो मोडलेल्या एका बाजूने, आणि भिजवताना पाव माथ्यावर आणि तळावर जास्त वेळ ठेवायचा. दातेरी सुरीचं टोक मधोमध आत घालून, बाहेरचं तोंड दोन बोटांएवढंच ठेवून, आत मात्र सुरी डावी-उजवीकडे फिरवून जागा करावी. उरलेल्या तिन्ही बाजूंना किमान एक सेंटिमीटर ब्रेड शाबूत राहिला पाहिजे.

चॉकलेटकडे मी मुद्दाम नंतर वळतो आहे, पण त्यातही विचार करण्यासारखं पुष्कळ आहे. खऱ्या चॉकलेटमध्ये कोकोचं लोणी असतं आणि ते साधारण ३४ अंशांपर्यंत पूर्ण वितळतं. एप्रिल-मेच्या दुपारी आपल्या स्वयंपाकघराचं तापमान त्याहून वर जातं. म्हणजे नुसते चॉकलेटचे तुकडे खिशात भरले तर तवा तापायच्या आधीच ते सैल पडू लागतात आणि तव्यावर गेल्यावर पाण्यासारखे धावतात. किराणा दुकानात आणि केकच्या सामानाच्या दुकानात लादीच्या आकारात मिळतं ते बहुधा कंपाउंड असतं. त्यात कोकोच्या लोण्याऐवजी वनस्पती तूप किंवा तेल असतं. ते उन्हाळ्यात टिकतं, स्वस्तही पडतं, पण टाळूवर मेणासारखा थर सोडतं. वेष्टनामागची घटकांची यादी वाचा. तिथे कोको बटर असेल तर ते चॉकलेट, हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट असेल तर कंपाउंड. सजावटीला कंपाउंड चालेल, पण पोटात भरायला ५० टक्क्यांच्या आसपास कोको असलेलं डार्क चॉकलेट घ्यावं. दुधाचं चॉकलेट आधीच गोड, त्यात टोस्टही गोड, आणि मग दोन घासांत जिभेला कंटाळा येतो.

हे चॉकलेट धावू नये यासाठी त्याचं गनाश करायचं, म्हणजे क्रीममध्ये घट्ट मिसळलेलं चॉकलेट. चार जाड स्लाइससाठी १०० ग्रॅम चॉकलेट बारीक चिरा. दुकानात मिळणारं २५ टक्के फॅटचं क्रीम ५० मिलिलिटर घेऊन कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवा आणि चॉकलेटवर ओता. दोन मिनिटं हात लावू नका, मग मधूनच सुरुवात करून हळूहळू बाहेरच्या बाजूला ढवळत जा. चिमूटभर मीठ घाला. मिठाशिवाय चॉकलेटची चव अर्धीच लागते. भांडं आणि चमचा कोरडा हवा, कारण वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाण्याचे चार थेंब पडले तरी साखर आणि कोकोचे कण एकत्र येऊन ते घट्ट, दाणेदार होतं. तसं झालंच तर टाकू नका. गरम दूध एकेक चमचा घालत ढवळलं की ते पुन्हा सुरळीत होतं, फक्त थोडं सैल राहतं. तयार गनाश तासभर फ्रीजमध्ये ठेवा, मग त्याच्या चार चपट्या टिकल्या थापा, जाडी एका सेंटिमीटरहून कमी, आणि त्या अर्धा तास फ्रीझरमध्ये घट्ट होऊ द्या. पाव वापरणार असाल तर टिकल्या लहान, सुमारे २० ग्रॅमच्या. भाजलेल्या शेंगदाण्याचं भरड कूट किंवा काजूचे तुकडे गनाशमध्ये मिसळले तर चांगलेच लागतात. ताजी फळं मात्र आत भरू नका. स्ट्रॉबेरी असो की केळं, तापल्यावर पाणी सुटतं. ती ताटात वरून वाढावीत.

पुरणपोळी करणाऱ्या हातांना हे सगळं नव्याने शिकवावं लागत नाही. पुरण सैल झालं की पोळी फुटते, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. टोस्टच्या सारणालाही तोच नियम लागू आहे, फक्त इथे घट्टपणा आटवून येत नाही, थंडाव्याने येतो. गोठलेली टिकली आत असली की ब्रेडमधलं अंडं-दूध शिजून भिंत पक्की होईपर्यंत ती घट्ट राहते आणि भिंत पक्की झाल्यावर वितळते. एवढा क्रम साधला की चॉकलेट बाहेर येण्याचा प्रश्न बहुतांशी मिटतो.

भिजवण्यासाठी ३ अंडी, २०० मिलिलिटर दूध, एक मोठा चमचा साखर, चिमूटभर मीठ आणि किसलेलं जायफळ किंवा वेलची. साखर यापेक्षा वाढवू नका. गोडी चॉकलेटात आहे, आणि जास्त साखर तव्यावर आत शिजण्याआधी वरून करपते. हे मिश्रण फेसाळेपर्यंत घोटायचं नसतं. अंडं दुधात एकजीव झालं की गाळणीतून गाळून घ्या, म्हणजे बलकाला धरून असलेले पांढरे धागे मागे राहतात. टोस्टवर मध्येच ऑम्लेटसारखे पांढरे डाग दिसतात ते याच धाग्यांचे. टिकली खिशात सारून तोंड बोटांनी दाबून घ्या आणि पसरट भांड्यातल्या मिश्रणात ब्रेड एका बाजूने ३० ते ४० सेकंद, उलटून तितकाच वेळ ठेवा. उचलल्यावर ब्रेड जड लागला पाहिजे, पण हातात वाकता कामा नये. वाकत असेल तर तो फार भिजला आहे किंवा पुरेसा शिळा नव्हता. ताटलीत मिनिटभर निथळू द्या. टिकल्या फ्रीझरमधून काढल्या की थांबायला वेळ नसतो, म्हणून तवा आधीच तापत ठेवलेला असावा.

तवा जाड बुडाचा हवा आणि आच मध्यमाहून कमी. लोण्यातला दुधाचा अंश लवकर जळून काळे कण धरतो, म्हणून साजूक तूप बरं. लोण्याचाच स्वाद हवा असेल तर अर्धं लोणी, अर्धं तेल घ्या. टोस्ट आधी आडवा टाकायचा नाही. उभा धरून खिशाचं तोंड तुपावर १५-२० सेकंद टेकवायचं. तिथलं अंडं लगेच आवळतं आणि दार बंद होतं. चॉकलेट बाहेर येऊ न देणारी ही सर्वांत खात्रीची युक्ती आहे आणि तिला एक पैसाही लागत नाही. मग टोस्ट आडवा करून झाकण ठेवा, तीन-चार मिनिटं. उलटल्यावर झाकण काढा, आणखी तीन-चार मिनिटं. शेवटी चारही कडा चिमट्याने धरून थोड्या थोड्या शेकून घ्या, कारण जाड टोस्टच्या कडाच कच्च्या राहतात. घाई करून आच वाढवली तर वरचा भाग १५० अंशांच्या पुढे जाऊन काळा पडतो आणि आतलं मिश्रण अजून पातळच असतं. दूध मिसळलेलं अंडं ८० अंशांच्या आसपास नीट घट्ट होतं, आणि अंडं पूर्ण शिजणं आरोग्याच्या दृष्टीनेही गरजेचं आहे. झालं की नाही हे पाहायला मधोमध टोचू नका, चॉकलेट बाहेर येईल. कोपऱ्यापाशी सुरीचं टोक घालून दाबा. पांढरट पाणी आलं तर अजून मिनिटभर. बोटाने दाबल्यावर टोस्ट परत वर उसळला की झाला.

अंड्याचा वास येतो म्हणून अनेक घरांत गोड फ्रेंच टोस्ट करत नाहीत, कांदा-मिरची घातलेला तिखटच होतो. हा वास बऱ्याच अंशी अंडं जास्त तापल्याचा असतो. मोठ्या आचेवर पांढऱ्यातले गंधकाचे घटक सुटतात आणि नाकाला लागतात. मंद आच, गाळलेलं मिश्रण आणि जायफळ, एवढ्याने फरक पडतो. ज्यांच्याकडे अंडं चालतच नाही त्यांनी २०० मिलिलिटर थंड दुधात दोन मोठे चमचे कस्टर्ड पावडर, एक चमचा मैदा आणि एक चमचा दुधाची पावडर कालवावी. कस्टर्ड पावडर म्हणजे मुख्यतः कॉर्नफ्लोअर. ते तापल्यावर फुगून घट्ट होतं, पण अंड्यासारखं चिकटून दार बंद करत नाही. म्हणून खिशाचं तोंड आणखी लहान ठेवा आणि मैद्याची घट्ट पेस्ट लावून बंद करा. कॉर्नफ्लोअर तळाशी बसतं, तेव्हा दर वेळी बुडवण्याआधी ढवळायला विसरू नका. बेसन घालून करतात तो प्रकार चवदार आहे, पण चॉकलेटशी त्याचं जमत नाही.

एवढा खटाटोप कशाला, बाटलीतला चॉकलेट स्प्रेड फासला की काम झालं, असं कुणी म्हणेल. वेळ वाचतो, हे खरं. स्प्रेड तेलावर बांधलेला असल्याने तो चॉकलेटसारखा एकदम पातळही होत नाही, हेही मान्य. पण हेझलनट स्प्रेडमध्ये बहुधा निम्म्याहून जास्त साखर असते आणि कोको थोडा. दोन चमचे भरले की टोस्ट फक्त गोड लागतो, चॉकलेटचा कडसरपणा कुठेच सापडत नाही. वापरायचाच असेल तर प्लास्टिकच्या कागदावर चमचाभर थापून तोही फ्रीझरमध्ये घट्ट करून घ्या आणि भिजवायच्या मिश्रणातली साखर पूर्ण वगळा. मैदा, साखर, तूप हे रोजच्या न्याहारीचं खाणं नव्हे, हा आक्षेप मला पूर्ण पटतो. म्हणूनच हा टोस्ट सणासुदीला, वाढदिवसाला किंवा रविवारी करावा. जाड टोस्ट तिरका कापून अर्धा एकाला पुरतो, सोबत आंबट फळ असावं, वरून साखरेचा पाक नको. गव्हाचा ब्रेड वापरून तो पौष्टिक होईल या भ्रमात राहू नये. मात्र चवीसाठी गव्हाचा ब्रेड घेतलात तर भिजवायला दहा-पंधरा सेकंद जास्त द्या, कारण त्याची वीण दाट असते.

टोस्ट तव्यावरून काढल्यावर दोन मिनिटं जाळीवर ठेवा. ताटलीत थेट ठेवला तर खालून वाफ धरून ओला होतो, आणि लगेच कापला तर चॉकलेट वाहून जातं. दोन मिनिटांत ते चमच्याने उचलण्याइतकं दाट होतं. दहा मिनिटांनंतर मात्र कुरकुरीतपणा जातो, म्हणून सगळे जमल्यावरच तवा चढवा. टोस्ट उरला तर तासाभरात फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी मंद तव्यावर झाकून गरम करा. भिजवण्याचं उरलेलं कच्चं मिश्रण ठेवू नका. आणि नाक्यावरच्या बेकरीत ब्रेड घ्यायला जाल तेव्हा तो आदल्या संध्याकाळीच घ्या आणि दुकानदाराला सांगा, कापू नका, अख्खा द्या.